जन्मभराचे औषध आणि कामकरी माणूस

रोगाविषयी डॉक्टरांनी बोलावे. युनियनच्या माणसाने त्यात का पडावे, अशी शंका काही श्रोत्यांस येणे साहजिक आहे. आमचे उत्तर साधे आहे. एच.आय.व्ही.चे औषध रोज घ्यावयाचे असते, आणि तेही जन्मभर. ते दवाखान्यात घेतले जात नाही. कामावर, खोलीवर, गाडीच्या केबिनमध्ये घेतले जाते. तो मुलूख आमच्या माहितीचा आहे.

प्रथम औषध जन्मभर का, हे पाहू. हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. शरीराच्या संरक्षणाची सूत्रे हलविणाऱ्या या पेशी. त्यांच्या वंशसूत्रातच तो आपली प्रत गोवून ठेवतो. औषधाने नव्या प्रती निघणे थांबते. परंतु निद्रिस्त पेशींत दडलेली मूळ प्रत औषधाच्या हाती लागत नाही. म्हणून गोळी बंद केली की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढू लागतो.

दुसरी गोष्ट. प्रती काढताना हा विषाणू फार चुका करतो, आणि त्यांतली एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते : त्या प्रतीवर औषध चालत नाही. १९८७ साली झिडोव्हुडिन हे पहिले औषध आले, पण एकट्याने ते टिकेना. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची रीत आली आणि मृत्यू झपाट्याने घटले. तथापि वर्षाला दहा हजार डॉलरच्या वरचा तो खर्च गरिबाला कोठून परवडणार? २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

त्या काळच्या स्टॅव्ह्युडिनने पायांची आग होई, गाल बसत. गाल पाहून लोक रोग ओळखीत. ते औषध आता गेले. आज बहुतेकांस टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर मिळून रोज एकच गोळी असते. वेळीच सुरू करून नेमाने घेणाऱ्याचे आयुर्मान इतरांच्या जवळपास जाते. रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही. हे आता सिद्ध झालेले आहे.

मग गुंतागुंत कोठे? आयुष्य वाढले, तेथेच. विषाणू दबलेला असला तरी शरीरात मंद दाह राहतो. त्यामुळे हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक. टेनोफोव्हिरमुळे काहींच्या मूत्रपिंडांस व हाडांस त्रास होतो. डोल्युटेग्रॅव्हिरने काहींचे वजन वाढते, क्वचित रक्तातील साखरही. क्षय झाला तर त्यावरचे रिफाम्पिसिन डोल्युटेग्रॅव्हिरचा जोर कमी करते. म्हणून ते दिवसातून दोनदा द्यावे लागते. पित्तावरची साधी गोळी, लोह, कॅल्शियम हीदेखील त्याच्या वाटेत येतात. तेव्हा कोणत्याही डॉक्टरकडे गेले तरी आपले चालू औषध सांगणे अगत्याचे. नेमके तेच माणूस सांगत नाही, कारण त्याला भय वाटते.

या भयाचे मूळ पुष्कळदा नोकरीत असते. खोलीत दहाजण असले की गोळी लपवावी लागते. लपविलेली गोळी चुकते. वारंवार चुकली की औषधाला न जुमानणारा विषाणू बळावतो. मलकापुरातून मुंबईस गेलेल्याची हीच अडचण, रत्नागिरीच्या रस्त्यावर ट्रक हाकणाऱ्याचीही तीच. मजुरी करणाऱ्यास कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात जाऊन येण्यात दिवसाचा रोज बुडतो. ज्याची तब्येत स्थिर आहे त्यास एकदम अनेक महिन्यांचे औषध देता येते, आणि गाव बदलल्यास केंद्रही बदलून घेता येते. हे विचारले पाहिजे.

कायदा कामगाराच्या बाजूचा आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या दाव्यात निकाल दिला की, माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि त्याच्यापासून इतरांस धोका नसेल, तर केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येणार नाही. पुढे २०१७ चा कायदा झाला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही, आणि मालकाला मिळालेली अशी माहिती गुप्त राखणे त्याच्यावर बंधनकारक आहे. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो.

औषध शोधण्याचे काम शास्त्रज्ञांनी केले, ते स्वस्त झाले, मोफतही झाले. गोळी घेण्याची वेळ आणि तपासणीची रजा मिळवून देणे, आणि कोणाचे नाव कानोकानी न फिरविणे, एवढे मात्र सोबत काम करणाऱ्यांकडेच राहिले आहे. आपल्या कारखान्यात, गोदामात, दुकानात याची व्यवस्था आहे काय, हे प्रत्येकाने उद्याच पाहावे, एवढीच आमची विनंती.