गिरणीतला उंदीरमार

खेळणं नव्हे रे ते, खाली ठेव आधी त्याला. चार पाय आहेत की, कडेवर कशाला? पुण्याहून येडशीला आलाय, तर बिट्टूलाही जरा अंगणातली माती लागू दे. डोक्यावर शेंडी, शेंडीला लाल रिबीन! तुझी आजी काल विचारत होती, हे कुत्रं आहे का मांजर? मी म्हटलं, अगं, हा गिरणी कामगार आहे. ती हसली. पण मी खरंच सांगत होतो.

बसा दोघं. आपल्या बार्शी-सोलापूरला सुताच्या गिरण्या होत्या, तशा इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये लोकरीच्या. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथं कामाला स्कॉटलंडचे विणकर आले, आणि येताना आपली झिपरी, बुटकी टेरियर कुत्री घेऊन आले. गिरणी म्हटली की उंदीर आलेच. मोठं कुत्रं पोसायला मजुराकडं पैसा नाही, आणि ते यंत्राखालच्या फटीत शिरणार तरी कसं? हे शिरायचं. उंदीर धरायचा, मान दोन-तीनदा जोरात झटकायची, संपला. बिट्टू तुझा पायमोजा धरून मान हलवतो ना? तुला तो खेळ वाटतो. त्याच्या लेखी पायमोज्याचा मणका मोडणं चाललेलं असतं.

बिट्टूच्या या यॉर्कशर टेरियर जातीचा मूळपुरुष म्हणतात तो हडर्सफील्ड बेन. जन्म १८६५ चा. सहा वर्षांत किती बक्षिसं जिंकली, त्यात उंदीर मारायच्या शर्यतींचीही! १८७१ मध्ये घोडागाडीखाली सापडून गेला बिचारा. पुढं माणसांनी निवडून निवडून ही जात आणखी लहान केली. आता यॉर्कशर टेरियर जेमतेम तीन किलोचा.

लहान म्हणून हसू नका हं. आपल्या येडशीवरून बार्शी लाईटची गाडी जायची, रुळातलं अंतर अवघं अडीच फूट. पण लातूरचा माल तिनंच वाहिला. हेही तसंच. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलातल्या एका खड्ड्यात अमेरिकी सैनिकाला या जातीची कुत्री सापडली. स्मोकी तिचं नाव, वजन दोन किलोही नाही. विल्यम विन नावाच्या दुसऱ्या सैनिकानं ती विकत घेतली. १९४५ साली फिलिपिन्समध्ये धावपट्टीखालच्या नळातून टेलिफोनची तार ओढायची होती. नळ एकवीस मीटर लांब, वीतभर रुंद, त्यातही जागोजागी माती साचलेली. धावपट्टी खोदायची, तर विमानं उघड्यावर आणि वर बॉम्बची भीती. विननं स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली, तिला नळात सोडलं आणि स्वतः दुसऱ्या तोंडाशी जाऊन हाका मारत बसला. आली की बाहेर, दोरी घेऊन! बिळात शिरायचं तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती.

आता नवल ऐका. कुत्रा लहान कशानं होतो? त्याच्या रक्तातला वाढीचा एक रस कमी पडतो, आणि तो ठरवणारा बदल त्याच्या जनुकात असतो. सगळ्यांना वाटायचं, हे माणसांच्या निवडीनं अलीकडं झालं. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांना तोच बदल सायबेरियातल्या चोपन्न हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यात सापडला. कोल्ह्यातही तो आहे. म्हणजे माणसानं कुत्रा पाळायच्या कितीतरी आधीपासून बिट्टूचं बुटकेपण लांडग्याच्या पोटात दडून बसलं होतं.

पण लहानपणाची किंमत असते. कुत्रा केवढाही असो, दात बेचाळीसच. एवढ्याशा तोंडात ते दाटीवाटीनं बसतात, दुधाचे दातही हट्टानं राहतात, मग हिरड्या खराब होतात. रोज दात घासायचे त्याचे. तुझे घासतोस त्यापेक्षा बरे. श्वासनळीच्या कुर्च्या नाजूक असतात, गळ्यातला पट्टा ओढला की बदकासारखा खोकला सुरू होतो. म्हणून दोरी छातीच्या पट्ट्याला लावायची. ओट्यावरून उडी मारू द्यायची नाही, गुडघ्याची वाटी सरकते. पिल्लू असेल तर उपाशी ठेवायचंच नाही. रक्तातली साखर उतरून ते लुळं पडतं. तेव्हा हिरडीला मध चोळायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा.

केस तर या जातीची शानच. जन्मतः पिल्लू काळं-तांबूस, दोन-तीन वर्षांत पाठ पोलादी निळी होते. आतली लव नाही, नुसतेच लांब केस, आपल्यासारखे वाढत राहणारे. रोज विंचरले नाहीत तर जटा होतात. पण म्हणून उन्हाळ्यात गोटा करू नका, कातडी भाजते. थोडे कापले की पुरे. फिरायचं ते उजाडता. डांबरावर हात ठेवून बघ, तुला सोसत नसेल तर त्याला कसं सोसेल? शेळ्या बसतात त्या जागी गोचीड असतात, आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या तपासा.

आणि आजीला सांगा, लाडानं पेढा नको. कांदा-लसणाची आमटी नको, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, बेदाणे तर मुळीच नाहीत, मूत्रपिंडं जातात. एवढ्या द्राक्षांच्या मुलखात हे कुणाला पटत नाही!

उद्या रामलिंगला जाऊ, पण बिट्टू घरीच. ते १९९७ पासूनचं अभयारण्य आहे. बिबट्याला कुत्रं म्हणजे आयतं जेवण. २०२४ च्या डिसेंबरात तर टिपेश्वर अभयारण्याकडचा वाघही इथल्या कॅमेऱ्यात दिसला. शिवाय कुत्र्याचे रोग लांडग्या-खोकडांना लागतात, ते वेगळंच.

त्याला काम पाहिजे, एवढं खरं. काम नसलं की दिवसभर भुंकत बसतो. ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत सोडा, फटीफटीत नाक घालेल. पण थांब, दार उघडू नकोस अजून. तिथं उंदराचं औषध टाकलंय का, ते आजीला विचारून ये. ते खाऊन मेलेला उंदीर याच्या पोटात गेला, तर याचंही रक्त गोठायचं थांबतं.