अँगस मॅक्लिस
अँगस मॅक्लिस (१४ मार्च, १९३८:ब्रिजपोर्ट, कनेटिकट, अमेरिका – २१ जून, १९७९:काठमांडू, नेपाळ) हे अमेरिकन तालवादक, संगीतकार आणि कवी होते. न्यूयॉर्कमधील 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक वाद्यवृंदाचे ते पहिले ड्रमवादक होत.

त्यापूर्वी ते ला माँट यंग यांच्या संगीतसमूहात वाजवीत. तेथे एकेक स्वर दीर्घकाळ धरून ठेवला जाई; तंबोऱ्याची सवय असलेल्या कानांना हे संगीत फारसे परके वाटू नये. १९६५ मध्ये त्यांनी लू रीड, जॉन केल व स्टर्लिंग मॉरिसन यांना साथ दिली. वेळ पाळणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. त्या उन्हाळ्यातील प्राथमिक ध्वनिमुद्रण त्यांच्याविनाच झाले.

११ डिसेंबर, १९६५ रोजी न्यू जर्सीतील समिट येथील शाळेत वृंदाचा कार्यक्रम ठरला. मानधन ७५ डॉलर होते. पैसे घेतले की दुसऱ्याने सांगितलेल्या वेळी वादन सुरू करावे आणि थांबवावे लागणार, हे कळताच मॅक्लिस यांनी वृंद सोडला. याला निव्वळ लहर म्हणणे अन्यायाचे ठरेल. 'इयर' (१९६२) या काव्यात त्यांनी वर्षातील प्रत्येक दिवसाला नवे नाव दिले होते; घड्याळाचा हुकूम त्यांना मानवणे कठीणच होते. त्यांची जागा मॉरीन टकर यांनी घेतली आणि मार्च १९६७ मध्ये वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका आली.

१९६६ मध्ये रीड कावीळीने आजारी असताना मॅक्लिस यांनी शिकागोत पुन्हा साथ केली. परंतु त्यांच्या कायम परतण्यास रीड यांनी नकार दिला. पुढे ते काठमांडूत स्थायिक झाले. तेथेच वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.