उपग्रहाला हुगळीचं पाणी किती कळतं?

1974 साली एका अमेरिकी उपग्रहाच्या चित्रात सुंदरबनाच्या टोकाला, हरियाभांगा नदीच्या मुखाशी, एक नवा ठिपका दिसला. नोव्हेंबर 1970च्या भीषण चक्रीवादळानंतर तिथे गाळाचं बेट वर आलं होतं. भारतात त्याला न्यू मूर म्हणू लागले, बांगलादेशात दक्षिण तालपट्टी. दोन्ही देशांनी हक्क सांगितला आणि 1981मध्ये तिथे तिरंगाही फडकला. मग मार्च 2010मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले समुद्रशास्त्रज्ञ सुगत हाजरा यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे जाहीर केलं, की ते बेट आता पाण्याखाली गेलं आहे.

ही हकिकत ऐकली की दोन समज पक्के होतात. एक, उपग्रहाला समुद्रातलं सगळं दिसतं. दोन, समुद्र चढला की बेट बुडतं, इतकं ते सरळ आहे. दोन्ही समज अपुरे आहेत. त्यांच्या जोडीला आणखीही काही समज आहेत. नदी, समुद्र, जंगल आणि गाळ जिथे एकमेकांत मिसळतात, त्या बंगालच्या किनाऱ्यावर ते एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज 1 : कोलकाता हे नदीकाठचं शहर. समुद्राच्या अभ्यासाशी त्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : कोलकात्याच्या घाटावर उभं राहिलं तर दिवसातून दोनदा भरती येताना दिसते. उधाणाच्या दिवसांत पाण्याची भिंतच नदीतून वर चढते. बंगाली माणूस तिला ‘बान’ म्हणतो. देशातलं हे एकमेव मोठं नदीबंदर. खुल्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सँडहेड्सपासून ते दोनशे किलोमीटरांहून अधिक आत आहे, तरी जहाजांचं वेळापत्रक भरतीच ठरवते. समुद्राचा अभ्यासही इथे जुना आहे. ‘सायक्लोन’ हा शब्द 1840च्या दशकात घडवला तो कोलकात्यातल्या हेन्री पिडिंग्टन यांनी. मातला नदीवर नवं बंदर उभारू नका, वादळाची लाट ते उद्ध्वस्त करील, असा इशारा त्यांनी 1853मध्ये दिला होता. बंदर झालं, कॅनिंग नावाने. 1867च्या वादळाने ते मोडून टाकलं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था 1916मध्ये याच शहरात स्थापन झाली आणि जादवपूर विद्यापीठात 1988पासून समुद्रविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे.

गैरसमज 2 : उपग्रह समुद्राचा फोटो काढतो आणि त्यात तळापर्यंतचं दिसतं.

वस्तुस्थिती : उपग्रह प्रकाश मोजतो. समुद्रावरून त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात पाण्यातून आलेला वाटा साधारण एक दशांश असतो. बाकीचा हवेतून विखुरलेला. तो वजा करणं हेच मोठं काम. उरलेल्या प्रकाशाच्या रंगावरून पाण्यात हरितद्रव्य किती, गाळ किती, हे काढतात. स्वच्छ खोल समुद्रात हा रंग वीस-तीस मीटरांपर्यंतची हकिकत सांगतो. हुगळीच्या मुखाशी पाणी इतकं गढूळ, की एखादा मीटरही पुष्कळ झाला. तापमानाचं तर त्याहून कमी : अवरक्त किरणांनी मोजलेलं तापमान पाण्याच्या वरच्या त्वचेचं असतं, मिलिमीटरभरही खोल नाही. पावसाळ्यात ढग आले की तेही बंद. भारताच्या ओशनसॅट मालिकेतला पहिला उपग्रह 1999मध्ये गेला, तिसरा नोव्हेंबर 2022मध्ये. या तिसऱ्याचा रंगमापक कॅमेरा तेरा रंगपट्ट्यांत पाहतो, पण त्याचा एक ठिपका सुमारे 360 मीटरांचा असतो. सुंदरबनातल्या कितीतरी खाड्या त्याहून अरुंद आहेत.

गैरसमज 3 : नकाशात जितकं हिरवं, तितका समुद्र समृद्ध.

वस्तुस्थिती : हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं, आणि नकाशा त्यावरच उभा असतो. पण कांदळवनातल्या कुजलेल्या पानांतून झिरपणारी पिवळसर द्रव्यंही निळाच प्रकाश शोषतात आणि गाळ उरलेला हिशेब बिघडवतो. त्यामुळे खुल्या समुद्रासाठी केलेलं सूत्र हुगळीच्या मुखाशी लावलं, तर नसलेलं हरितद्रव्य दिसू लागतं. यावर एकच उपाय आहे. उपग्रह डोक्यावरून जाईल त्याच सुमाराला नावेतून जाऊन बाटलीत पाणी घ्यायचं, पांढरी सेकी तबकडी दिसेनाशी होईपर्यंत खाली सोडायची, प्रयोगशाळेत पाणी गाळून हरितद्रव्य मोजायचं आणि मग इथल्या पाण्यासाठी वेगळं सूत्र बसवायचं.

हिरवा रंग खरा असला तरी तो नेहमी शुभ नसतो. हिवाळ्यात अरबी समुद्रात नॉक्टिल्युका या सूक्ष्म जिवाचे थर पसरतात. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात, त्या याच जातीच्या जिवामुळे. मूळचे गोव्याचे संशोधक जोकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी या थरांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. नॉक्टिल्युकाला खाणारे मुख्यतः जेलीफिश आणि सॅल्प, म्हणून ती वाढली की माशांच्या ताटात काही पडत नाही. बंगालच्या उपसागराची अडचण उलटी आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी झाकणासारखं वर पसरतं आणि खालची पोषकद्रव्यं वर येऊ देत नाही. चक्रीवादळ ते झाकण घुसळून काढतं. म्हणून वादळाच्या वाटेवर काही दिवसांनी उपग्रहाला हिरवा पट्टा दिसतो.

गैरसमज 4 : उपग्रह माशांचे थवे दाखवतो.

वस्तुस्थिती : मासा उपग्रहाला दिसत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी मिळण्याची शक्यता असलेले पट्टे कळवते, बंगालीत आणि मराठीतही. गार आणि उष्ण पाणी जिथे भेटतं, तिथे प्लवक साचतं. प्लवकामागे लहान मासा येतो, त्याच्यामागे मोठा. हा तर्क आहे, आणि उपयोगी तर्क आहे, कारण त्यामुळे शोधात जाणारं डिझेल वाचतं. पण इलिशसारखा मासा समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला चढतो. त्याची वाट खारेपणा, प्रवाह आणि फराक्क्याचा बांध ठरवतात. 1975मध्ये सुरू झालेल्या त्या बांधाने वर जाणारा रस्ता अडवला, हे नुसत्या हरितद्रव्याच्या नकाशावर उमटत नाही.

गैरसमज 5 : समुद्राची पातळी वाढते, म्हणून बेटं बुडतात. बाकी कारण नाही.

वस्तुस्थिती : पातळी वाढते आहे, यात शंका नाही. पण डायमंड हार्बरच्या भरतीमापकावरची दीर्घकाळची नोंद वर्षाला सुमारे 5 मिलिमीटर वाढ दाखवते, मुंबईची एक मिलिमीटरहूनही कमी. दोन्हीकडे महासागर एकच, मग इतका फरक का? कारण भरतीमापक जमिनीवर रोवलेला असतो आणि त्रिभुज प्रदेशातली जमीन स्वतःच खचते आहे. 2013मध्ये भारत आणि फ्रान्सने मिळून सोडलेल्या ‘सरल’सारखा उपग्रह पाण्याची उंची मोजतो, खचणारी जमीन नाही. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हाच समुद्राचा वाटा किती आणि मातीचा किती, हे सुटं होतं. त्यात नदीची धूप, धरणांमागे अडकलेला गाळ आणि बदलणारे प्रवाह मिळवावे लागतात. हुगळीच्या मुखाजवळचं घोरामारा बेट गेल्या अर्धशतकात निम्म्याच्या आसपास उरलं, ते या सगळ्यांनी मिळून.

गैरसमज 6 : वरून जंगल हिरवं दिसतंय, म्हणजे सुंदरबन सुखरूप आहे.

वस्तुस्थिती : हिरवा रंग झाडाची जात सांगत नाही. सुंदरबनाला ज्या सुंदरी झाडावरून नाव पडलं असं मानतात, त्याला गोडं पाणी लागतं. मातला नदीला वरून येणारं गोडं पाणी तुटलं, विद्याधरी गाळाने भरली, तशी मधल्या भागात सुंदरी मागे हटली आणि खारं पाणी सोसणारी झाडं पुढे आली. आपल्या तिवराची भावंडं त्यांत आहेत. छत हिरवंच राहिलं, खालचं जंगल बदललं. ढगांतून पाहू शकणारे रडार उपग्रह आता आहेत. जुलै 2025मध्ये गेलेला निसार त्यांतलाच. तरी चिखलात उतरून झाड ओळखणारा माणूस लागतोच.

म्हणून वरच्या डोळ्यावर खर्च होतो, तसा खालच्या नावेवर, बाटलीवर, भरतीमापकावर आणि चिखलात उतरणाऱ्या विद्यार्थ्यांवरही व्हायला हवा. तो खर्च लहान आहे आणि तोच सर्वात आधी कापला जातो, याचं मला वाईट वाटतं. ज्या बेटावर लोक राहतात, त्याच्या भवितव्याचा निर्णय अर्ध्या मापावर घेणं योग्य नाही. सुंदरबनात उधाणाची भरती आणि ओहोटी यांत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. त्यामुळे एकच बेट सकाळी लहान आणि दुपारी मोठं दिसू शकतं. पुढच्या वेळी ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन उपग्रहचित्रं कुणी तुमच्यापुढे ठेवली, तर घोरामाराचा कोणताही मच्छीमार विचारील तोच प्रश्न आधी विचारा : चित्र घेतलं तेव्हा भरती होती की ओहोटी?