एसी सुरूच होत नाही?

पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट अडली, की मेकॅनिक येणार कुठून? आधी स्टॅबिलायझरचा आकडा बघा. 230 व्होल्टच्या जागी 170च्याही खाली दिसत असेल, तर घरगुती स्टॅबिलायझर बरेचदा पुरवठाच तोडतो. एसीला दोष देऊ नका. लाइट नुकतीच आली असेल, तर कॉम्प्रेसर 3-5 मिनिटं मुद्दामच थांबतो. रिमोटचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला, तर सेल ठीक. एमसीबी पडला असेल तर एकदाच वर करा, पुन्हा पडला तर तसाच राहू द्या. बाहेरचं युनिट नुसतंच घुमतंय, पंखा फिरत नाही? कपॅसिटर गेला असावा. झाकण मात्र उघडू नका: वीज बंद केल्यावरही तो झटका देतो.