पावसात गाडीचे ‘ऑटो’ वायपर आणि हेडलाइट किती भरवशाचे?

गेल्या जुलैमधली गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास आम्ही ताम्हिणी घाटातून कोकणात उतरत होतो. पाऊस भुरभुरत होता आणि धुकं इतकं दाट की पुढचं वळण जेमतेम दिसत होतं. गाडी बाबांची, नवीकोरी. वायपर आणि हेडलाइट दोन्ही ‘ऑटो’वर ठेवलेले. वायपर आपले आपण चालू होते, डॅशबोर्डही उजळलेला होता. त्यामुळे दिवेही लागलेले असणार, असं मी गृहीत धरलं.

चहाला थांबलो तेव्हा आमच्या मागून आलेल्या टेम्पोचे काका म्हणाले, “ताई, मागचे दिवे लावा की! अगदी जवळ आल्यावर दिसली तुमची गाडी.”

दिवे खरंच बंद होते. मात्र गाडीत कोणताही बिघाड नव्हता. सेन्सर ठरल्याप्रमाणेच काम करत होता. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर हे दोन सेन्सर नेमकं काय मोजतात ते पाहावं लागेल.

रेन सेन्सर पाऊस कसा ओळखतो?

समोरच्या काचेला, आतल्या आरशाच्या मागे एक छोटा काळा डबा चिकटवलेला असतो. तोच रेन सेन्सर. त्यातला एलईडी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश साधारण ४५ अंशांच्या कोनात काचेत सोडतो. काच कोरडी असेल तर हा प्रकाश काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जवळपास पूर्ण परावर्तित होऊन सेन्सरकडे परत येतो. शाळेत शिकलेलं ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ ते हेच.

काचेवर पाण्याचा थेंब पडला की गणित बदलतं. थेंबातून काही प्रकाश बाहेर निसटतो आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. जितका प्रकाश कमी, तितका पाऊस जास्त असं मानून वायपरचा वेग ठरतो.

ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने १९७० साली ‘एसएम’ या मोटारीत पावसानुसार वेळ बदलणारे वायपर दिले होते. त्यात प्रकाशाचा संबंध नव्हता. कोरड्या काचेवर वायपर घासला की मोटर जास्त वीज ओढते आणि ओल्या काचेवर कमी, एवढ्यावरून गाडी पुढचा फटका कधी मारायचा ते ठरवायची. आता टेस्लासारख्या काही गाड्यांमध्ये वेगळ्या रेन सेन्सरऐवजी कॅमेराच पाऊस ओळखतो.

मग तो चुकतो कुठे?

धो धो पावसात हा सेन्सर चांगलं काम करतो. रिपरिप, मग अचानक सर, मग पुन्हा उघडीप अशा पावसात तर त्याचा खरा फायदा होतो, कारण दर दोन मिनिटांनी हात वायपरच्या दांडीकडे न्यावा लागत नाही.

अडचण येते ती काही ठरावीक वेळी. सेन्सर संपूर्ण काच बघत नाही, काही चौरस सेंटिमीटरचा एक तुकडा बघतो. तुमच्या डोळ्यांसमोरची काच बारीक तुषारांनी भरली आणि त्या तुकड्यावर मोजके थेंब असले, तर वायपर शांत बसू शकतो. उलट त्या तुकड्यावर चिखलाचा शिंतोडा उडाला तर पाऊस नसतानाही वायपर फिरतो आणि चिखल काचभर पसरवतो.

पुढच्या ट्रकने एकदम पाणी उडवलं, तर वायपर वेग पकडेपर्यंतचा क्षणही मोठा वाटतो. काच बदलताना सेन्सर नीट चिकटवला नसेल आणि मध्ये हवेचे बुडबुडे राहिले असतील, तरीही मोजणी बिघडते. वायपरचं रबर कडक झालं असेल तर सेन्सर कितीही हुशार असून उपयोग नाही.

ऑटो हेडलाइट नेमकं काय मोजतात?

हेडलाइटचा सेन्सर बहुतेकदा काचेजवळच किंवा डॅशबोर्डवर असतो. तो फक्त एक गोष्ट मोजतो, ती म्हणजे आसपास उजेड किती आहे. उजेड मोजायचं एकक आहे लक्स. भर उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो, तर ऑफिसमध्ये ३०० ते ५०० लक्स.

युरोपसह अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘नियम ४८’मध्ये स्वयंचलित दिव्यांसाठी मर्यादा दिल्या आहेत. उजेड १,००० लक्सच्या खाली गेला की लो बीम २ सेकंदांत लागला पाहिजे. ७,००० लक्सच्या वर तो बंद व्हायला हवा. मधल्या टप्प्यात काय करायचं, ते कंपनी ठरवते.

म्हणूनच संध्याकाळी किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेच्या बोगद्यात शिरताना ऑटो हेडलाइट सहसा चोख लागतात. तिथे खरोखरच अंधार होतो.

धुक्यात ते का लागत नाहीत?

कारण दिवसा पडणारं धुकं काळं नसतं, पांढरं असतं. सूर्याचा प्रकाश धुक्यातल्या जलकणांवर आदळून सगळीकडे पसरतो. तुम्हाला वीस-तीस मीटरपलीकडचं दिसत नसलं, तरी सेन्सरपर्यंत हजारो लक्स उजेड पोहोचत असतो. त्याच्या लेखी भरदिवस आहे.

थोडक्यात, सेन्सर उजेड मोजतो. तुम्हाला किती लांबचं दिसतंय आणि तुम्ही दुसऱ्याला दिसताय का, हे तो मोजत नाही.

यावर उपाय म्हणून काही गाड्यांमध्ये वायपर थोडा वेळ सलग चालले की हेडलाइटही लागतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांत तर पावसामुळे वायपर सतत चालू ठेवावे लागत असतील तर हेडलाइट लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पण ही जोडणी प्रत्येक गाडीत नसते. शिवाय कोरड्या धुक्यात वायपर चालूच नसतील, तर तिचा उपयोगही होत नाही.

पुढे डीआरएल असतात, मग अडचण काय?

डीआरएल म्हणजे दिवसाही पुढे जळणारे दिवे. युरोपात २०११ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना ते सक्तीचे झाले. आपल्याकडे दुचाकींसाठी १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू ठेवण्याचा नियम आला. दोन्हींचा हेतू एकच, समोरच्याला आपण दिसावं.

पण बऱ्याच मोटारींमध्ये डीआरएलसोबत मागचे लाल दिवे लागत नाहीत. समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसता, मागून येणाऱ्याला दिसत नाही. पूर्वी दिवे लावल्याशिवाय डॅशबोर्ड उजळत नसे, त्यामुळे चूक पटकन लक्षात यायची. आताचे डिजिटल डॅशबोर्ड कायम उजळलेलेच असतात. माझी फसगत इथेच झाली.

घाटात निघण्याआधी काय कराल?

पहिलं काम घरीच करा. गाडी सुरू करून दिवे ‘ऑटो’वर ठेवा आणि दिवसाउजेडी मागे जाऊन बघा, लाल दिवे लागलेत का. नसतील तर तुमच्या गाडीचं उत्तर मिळालं.

धुकं किंवा जोरदार पाऊस असेल तर लो बीम हाताने लावा. त्यासोबत मागचे दिवेही लागतात. हाय बीम टाळा, त्याचा उजेड धुक्यावरून उलटून तुमच्याच डोळ्यांवर येतो. मागे फॉग लॅम्प असेल तर दाट धुक्यात जरूर लावा, पण धुकं सरलं की बंद करा, कारण त्याची तिरीप मागच्याला त्रास देते.

चालत्या गाडीत हॅझर्ड लाइट लावू नका. चारही इंडिकेटर लुकलुकत असतील तर तुम्ही कुठे वळताय, ते मागच्याला कळत नाही.

वायपरचं ‘ऑटो’ रोज वापरायला हरकत नाही. सेन्सरसमोरची काच स्वच्छ ठेवा आणि पावसाळ्याआधी रबर तपासून घ्या. गाडी धुवायला देताना किंवा पंपावर कुणी काच पुसत असताना मात्र ‘ऑटो’ आठवणीने बंद करा. ओल्या फडक्याला पाऊस समजून वायपर फिरला, तर पुसणाऱ्याच्या हाताला फटका बसू शकतो.

त्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर मी लो बीम लावला, मागे जाऊन लाल दिवे पाहिले आणि मगच गाडी काढली. या सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.