भांगाचे रविवार

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि पनवेलकरांना आपला पत्ता सांगणं सोपं झालं. ‘विमानतळाशेजारी’ म्हटलं की पुण्या-नाशिकचे नातेवाईक लगेच मान डोलावतात. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका सद्गृहस्थांनी गच्चीवरून पश्चिमेला बोट केलं आणि मला विचारलं, “काका, ते विमानतळाच्या कामाचं पाणी साचलंय का?” ती पनवेलची खाडी होती, आणि भरतीची वेळ होती. माणूस भला आहे, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला राग आला तो गावाचा.

म्हणून हा मागोवा. त्यातला प्राचीन भाग थोडक्यात उरकतो, कारण बोरघाटातून उतरणाऱ्या बैलगाड्या, बंदरावरचं भात, मुंबईला जाणारे मचवे हे सगळं प्रत्येक स्मरणिकेत छापलेलं असतं. 1852 साली नगरपालिका मिळावी इतकं हे बंदराचं गाव तालेवार होतं, एवढं पुरे. पुढे रस्ते आले, रेल्वे आली, मचव्यांचे दिवस सरले. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली आणि नंतरची दहा-बारा वर्षं नकाशे, मोजणी आणि भाषणं यांत गेली. त्या वर्षांनी मला कंटाळ्याखेरीज काही दिलं नाही.

मला बोलायचंय ते साधारण 1984 ते 1994 या काळाबद्दल. मी तेव्हा इथल्याच एका शाळेत मास्तर होतो आणि रविवारी सकाळी कोळीवाड्यातल्या एका नाखव्याच्या होडीत बसून गरवायला जायचो. होडी जेमतेम चार माणसांची, वल्ह्याची. भाडं म्हणजे चहा-विडीचा खर्च आणि मिळालेल्या म्हावऱ्यातला निम्मा वाटा. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, शिशाचा तुकडा, नॉर्वेचे मस्टड गळ आणि डब्यात जिवंत कोळंबी, एवढा सरंजाम.

आमचे एक मेहुणे पवई तलावावर जात. तिथे ब्रिटिश अमदानीत निघालेली अँगलिंगची संस्था आहे. टोपी, रीळ, सभासदत्वाचं कार्ड, सगळं रीतसर. ते पनवेलला आले की माझी तंगूस चिमटीत धरून बघत आणि “हे काय, पतंगाचा मांजा?” असं विचारत. मेहुण्यांना आता उत्तर देऊन उपयोग नाही, पण देतो. तलावातलं कटला-रोहू गोड्या, उभ्या पाण्यातलं. खाडीत दर सहा तासांनी पाण्याची दिशा पालटते, आणि ती ज्याला कळत नाही त्याचं रीळ सोन्याचं असलं तरी घरी चिखलच येतो.

ती कळायला कोळ्यांचं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. खाडीच्या आतल्या टोकाला थोडा उशीर धरायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण. मोठ्या उधाणाला आमच्याकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा त्याच्या निम्मंही हलत नाही. मासे उधाणाच्या पाण्याबरोबर आत येतात, खातात, जातात. कोळी त्याप्रमाणे कामाला निघतो. शाळेला सुटी मात्र रविवारची, आणि रविवारला तिथीशी देणंघेणं नाही. त्यामुळे माझ्या वाट्याला भांगाचे रविवार फार आले.

अशा दिवशी सकाळी सहाच्या भरतीला निघायचं आणि दुपारपर्यंत ओहोटी रेंगाळत असायची. गाळ खाली बसतो, पाणी निवळतं, आणि निवळलेल्या पाण्यात तंगूस माशालाही दिसते. नाखवा विडी पेटवून निकाल देई, “मास्तर, पानी निजलंय, त म्हावरा कशाला जागंल?” आणि तरी परत फिरायचं नाव काढत नसे. तिवरांच्या मुळांत निवट्या उड्या मारत, काठच्या चिखलात तुतवार शेपूट हलवत हिंडत. डब्यात पोळी आणि सुक्या बोंबलाची चटणी. ट्रान्झिस्टरवर कसोटी सामना असला तर तोही भांगाचाच, अनिर्णित सुटणारा. दुपारी एखादी शिंगाळी लागे, तिचे काटे सांभाळत गळ सोडवायचा. नाहीतर दोन पालू, एखादी चिंबोरी. गावातले लोक म्हणत, मास्तरांना उद्योग नाही. बरोबर होतं. उद्योग नसण्याची ती एकच जागा मला माहीत होती, आणि ती फुकट होती.

जिताडा क्वचितच लागे, आणि भांगाला तर नाहीच. पण त्याच्याबद्दल बोलणं रोज होई. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, हे मी पुस्तकातून वाचून सांगितलं तेव्हा नाखवा इतका हसला की होडी डुचमळली. बाकीचं त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. जिताडा अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे उतरतो, पिल्लं पावसात वर येतात, खारभूमीच्या बांधांतल्या उघाड्यांमधून खाचरांत, तळ्यांत शिरतात आणि तिथे वाढतात. पेण-अलिबागकडे शेतकरी ती मुद्दाम तळ्यात पोसतात. म्हणजे जिताड्याला नुसती खाडी पुरत नाही. खाडीला लागून ओली शेतं, नाले आणि बांध लागतात. पुढे भराव पडला तो नेमका त्यांच्यावर.

तो काळ शांत होता असं मात्र कुणी समजू नये. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं सूत्र आलं. जमिनीला सातबारा होता म्हणून तेवढं तरी मिळालं. पाण्याला सातबारा नसतो. 1989 साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, खाडीच्या तोंडाशी भराव झाले, आणि उरण-गव्हाणकडच्या मच्छीमारांना भरपाईसाठी 2015 साल उजाडावं लागलं. तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने 1630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ‘कोळ्यांनीच लहान आसाची जाळी लावून मासे संपवले’ असं पत्र वर्तमानपत्रांना पाठवणारी मंडळी पनवेलात होती. मी त्यांच्याशी तेव्हा वाद घालत असे. आता हा आकडा त्यांच्यापुढे ठेवतो आणि गप्प बसतो.

1990 नंतर कधीतरी बोयीला घासलेटाचा वास येऊ लागला. वास कुठून येतो यावर होडीत तीन माणसांची तीन मतं होती. घरी मात्र एकच मत झालं आणि खाडीचा मासा आमच्या चुलीवर चढायचा थांबला. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यात, कासाडी नदीच्या काठी कारखान्याच्या रंगाने कुत्री निळी दिसू लागली तेव्हा देशभर बातमी झाली. मासे निळे होत नाहीत, नुसते मरतात. त्यांचे फोटो कोण काढणार?

नंतरची वर्षं भराभर. 1998 साली लोकल पनवेलला आली. 26 जुलै 2005 ला गाढी नदी घराघरांत शिरली आणि नदी-खाडीचं नातं लोकांना चार दिवस आठवलं. नाखव्याचा मुलगा डंपर चालवू लागला, होडी बंदराशी उलटी पडली ती पडलीच.

आणि मग टेकडी गेली. आमची गरवायची जागा दोन खुणांवर ठरलेली होती. कर्नाळ्याचा सुळका बांधावरच्या एका मोठ्या झाडावर आला पाहिजे आणि उलव्याच्या टेकडीचा खांदा समोरच्या तिवरांच्या खाचेत बसला पाहिजे. दोन्ही जुळलं की नांगर. तिथे तळाशी खडक होता आणि खडकाला कालवं होती, म्हणून मासा. विमानतळासाठी ती सुमारे 90 मीटरची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली, 1160 हेक्टरांची जागा सपाट केली. कर्नाळा आहे तिथेच आहे, पण एका खुणेवर जागा सापडत नाही. विमानतळाला नाव कुणाचं द्यायचं यावर मोर्चे निघाले, ते निघायलाच हवे होते, दि. बां.चा हक्क मी नाकारणार नाही. खाडीचं नाव मात्र त्या सगळ्या काळात कुणाच्या फलकावर दिसलं नाही.

आता तरुण पोरं महागड्या काठ्या घेऊन येतात, प्लॅस्टिकचे मासे फेकतात, जिताडा लागला तर फोटो काढून सोडून देतात. सोडतात हे चांगलंच. पण तासाभरात काही लागलं नाही की निघतात, आणि जाताना जागेचा नकाशा मोबाइलवर वाटतात. भांगाला कुणी थांबत नाही. थांबायचं म्हटलं तरी बसायचं कुठे? ज्या पायऱ्यांवरून मी होडीत उतरायचो त्या गाळाखाली आहेत. बेलापूरला 2022 साली जलवाहतुकीची जेटी झाली, ठीक आहे, पण ती मुंबईला घाईने जाणाऱ्यांची सोय आहे. पनवेलने आपल्या पाण्याकडे पाठ करून घरं बांधली. त्यात माणसांचा नाइलाज कमी आणि बेफिकिरी जास्त.

पनवेल महानगरपालिकेला 1 ऑक्टोबर 2026 रोजी दहा वर्षं होतील. सत्कार, रोषणाई जे करायचं ते करावं. त्यातून पैसे उरले तर बंदरावरचा गाळ काढून एक उतार बांधावा, दोघांना मिळून लहान होडी पाण्यात ढकलता येईल इतका. आणि तिथे काही न करता बसलेल्या माणसाला उठवायला पहारेकरी नेमू नये.