खेळाचे थेट प्रक्षेपण आणि दौलतजादा

एकाने खेळावे आणि इतरांनी पाहावे, यात नवल नाही. धायरीतील एखाद्या मोकळ्या जागेत क्रिकेटचा डाव रंगला, की कडेला माणसे जमतातच. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुणाचे मात्र हजारो प्रेक्षक आपापल्या घरी मोबाइल घेऊन बसलेले असतात, आणि त्यांतील काही जण त्याला आपखुशीने पैसे देतात. या व्यवहाराचे स्वरूप येथे पाहावयाचे आहे.

पैसे देणाऱ्याचे नाव पडद्यावर झळकते. खेळाडू खेळता खेळता ते उच्चारून आभार मानतो. तमाशाच्या जाणकारास येथे दौलतजादा आठवल्यावाचून राहणार नाही. लावणीचे मोल तिकिटात आलेलेच असते. दौलतजादा करावयाचा तो भर बैठकीत आपली दखल घेतली जावी म्हणून. येथे फडाचा मालक दिसत नाही, एवढेच. त्याचा वाटा चुकत नाही. २०११ साली सुरू झालेली 'ट्विच' ही अमेरिकन कंपनी मासिक वर्गणीतील साधारणतः निम्मा भाग स्वतःकडे ठेवते. ॲमेझॉनने ती २०१४ साली सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतली.

तथापि हा धंदा सुखाचा नव्हे. आकाशवाणीचा एक श्रोता वाढला म्हणून प्रक्षेपणाचा खर्च वाढत नाही. येथे प्रत्येक प्रेक्षकाकडे चित्राचा स्वतंत्र प्रवाह पोहोचवावा लागतो. म्हणजे लोकप्रियतेबरोबर खर्चही चढतो, आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेक फुकटच पाहतात. दक्षिण कोरियातील जाळ्याचे शुल्क इतर बहुतेक देशांच्या दसपट आहे, असे सांगून ट्विचने फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील कारभार आटोपता घेतला.

दुसरे परावलंबन खेळाच्या मालकीचे. माझ्या मते तेच अधिक गंभीर होय. त्याचे उदाहरण मुंबईतच सापडते. 'पॉकेट एसेस'मधून २०२१ साली वेगळ्या झालेल्या 'लोको' या कंपनीत 'क्राफ्टन' या कोरियन कंपनीने भांडवल घातले. त्याच वर्षी जुलैमध्ये क्राफ्टनचा 'बीजीएमआय' हा खेळ भारतात आला आणि प्रेक्षकांनी तो उचलून धरला. २८ जुलै २०२२ रोजी केंद्र शासनाच्या आदेशाने तो ॲपच्या दुकानांतून काढण्यात आला, आणि परतला तो मे २०२३ मध्ये. क्रिकेट खेळावयास कोणा कंपनीची अनुज्ञा लागत नाही. येथे खेळाडूचे कौशल्य व प्रेक्षकांचा लोभ दोन्ही शाबूत असताना खेळच हातचा जाऊ शकतो.

पुण्याच्या 'सुपरगेमिंग'ने २०२४ साली 'इंडस' हा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यामुळे मालक जवळचा झाला खरा. परंतु दाखवणाऱ्याचे परावलंबन त्याने संपत नाही.